जबडा कट्कन वाजतो आणि एक्सरे म्हणतो सगळं नॉर्मल

कानाजवळ दुखतं, जांभई देताना कट्ट आवाज येतो, म्हणून माणूस डेंटिस्टकडे जातो, तिथे ओपीजी काढतात (मशीन डोक्याभोवती फिरून दोन्ही जबड्यांचा एकच लांबलचक एक्सरे देतं ना, तो) आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. की घरचे सुरू, बघ, काही नाहीये, उगाच मनाला लावून घेतेस. या 'नॉर्मल'चा मला फार वैताग येतो, कारण आवाज ज्या वस्तूमुळे येतो ती एक्सरेत दिसतच नाही.

आधी सांधा सापडवा. कानाच्या भोकासमोर छोटा उंचवटा असतो, त्याच्या जरा पुढे दोन्हीकडे बोटं टेकवा आणि तोंड हळूहळू उघडा. पहिले 20-25 मिलिमीटर हाड जवळपास जागच्या जागी फिरतं, त्यानंतर बोटाखालून एक गोळा पुढे सरकतो आणि मागे खळगा पडतो. शाळेत बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा शिकलो त्यातल्या कुठल्याच खणात हा नीट बसत नाही, हा फिरतोही आणि घसरतोही, आणि डावा-उजवा दोन्ही एकाच हाडाला असल्यामुळे एकाला सुट्टी देऊन दुसऱ्याने काम करायची सोय नाही.

तो सरकणारा गोळा म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाचं वरचं टोक. त्याच्यावर कवटीत एक खळगा आणि खळग्याच्या पुढे हाडाचा उंचवटा. दोघांच्या मधे एक छोटी गादी असते, चिवट तंतूंची, आणि अख्ख्या सांध्यात मला आवडते ती हीच. डोक्यावर घागर घ्यायच्या आधी चुंबळ ठेवतात बघा, कडेने जाड आणि मधे खोलगट, साधारण तशीच. मधल्या पातळ भागात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत, म्हणून चणे फोडताना दाब येऊनही दुखत नाही. तिच्या मागे मात्र मऊ, रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला भाग आहे, तो दाबला गेला की कळ येते. गादीमुळे सांध्याचे दोन मजले होतात, खालच्या मजल्यावर फिरणं आणि वरच्यावर घसरणं.

आता बिघाड कसा होतो. गादीला धरून ठेवणारे बंध सैल पडले की ती बहुतेक वेळा पुढे सरकते आणि तिची मागची जाड कड हाडाच्या टोकाच्या पुढ्यात येऊन बसते. तोंड उघडताना टोक पुढे निघतं, त्या कडेला अडतं, जोर लावतं आणि टुणकन कडेवरून उडी मारून मधल्या खोलगट भागात जाऊन बसतं, हा झाला पहिला कट्ट. तोंड मिटताना अगदी शेवटी परत घसरून मागे येतं, तेव्हा दुसरा, जरा बारीक आवाज. म्हणजे वाजतंय तोवर गादी दर वेळी जागेवर येतेय. काही जणांत पुढे ती कड चेमटते, बंध आणखी ढिले होतात आणि टोकाला उडी मारताच येत नाही. आवाज एकदम बंद! माणूस खुश होतो की बरं झालं, पण तोंड मात्र पूर्वीसारखं चाळीसेक मिलिमीटर उघडायच्या ऐवजी 25-30 वर अडकलेलं असतं आणि उघडताना हनुवटी बिघडलेल्या बाजूला वळते. (सतत कर्रकर्र आवाज वेगळा, तो हाडांचे पृष्ठभाग खडबडीत झाल्याचा.)

गादीत कॅल्शियम नाही म्हणून एक्सरेत तिची सावली पडत नाही. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्सरे स्कॅन) हाड छान दाखवतो, पण गादी त्यातही नाही. ती दिसते एमआरआयमध्ये, एकदा तोंड मिटून आणि एकदा तोंडात ठोकळा धरून उघडं ठेवून. एमआरआय हायड्रोजनच्या केंद्रकांकडून येणारा सिग्नल ऐकतो, गादीतलं पाणी कोलॅजनच्या तंतूंना इतकं घट्ट धरून असतं की तिथला सिग्नल क्षणात विरतो, म्हणून गादी काळी दिसते आणि सांध्यात पाणी साठलं असेल तर ते टी-टू प्रकारच्या चित्रात पांढरं. शिवाय हाडाचं टोक जरा तिरकं असतं, त्यामुळे स्लाइसही तिरक्याच घ्याव्या लागतात, सरळ घेतल्या तर गादी जागेवर आहे का हे ठरवणं कठीण होतं. असो, फार खोलात गेलो.

पण एमआरआय बघूनही घाबरू नका. ज्यांना काहीही त्रास नाही अशा लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण तिघांतल्या एकाची गादी सरकलेली सापडते. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल तर काहीच करायची गरज नसते. 1934 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसा डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी कानदुखी वगैरेचं खापर पडलेल्या दाढांवर आणि बिघडलेल्या चाव्यावर (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्यावर) फोडलं. पुढे शरीररचनातज्ज्ञांनी त्यांचं स्पष्टीकरण खोडलं, पण चावा 'सेट' करायला चांगले दात घासायची हौस काही गेलेली नाही. घासलेला दात परत येत नाही, त्यामुळे मऊ खाणं, शेक, व्यायाम, रात्री दात खात असाल तर स्प्लिंट (दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कव्हर), आधी हे. आणि जॉलाइनसाठी रबरी गोळा चावा सांगणारी रील्स दुखऱ्या सांध्याने तर बघूच नयेत.

जांभई देताना तोंडासमोर चुटकी वाजवायची पद्धत आहे, त्याने सांध्याला फरक पडत नाही. मोठ्या जांभईत हाडाचं टोक पुढच्या उंचवट्याच्याही पलीकडे गेलं तर तोंड उघडंच राहतं. डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून आधी खाली आणि मग मागे ढकलतात, प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटसच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत आजही चालते. उलटीवर देतात त्या मेटोक्लोप्रमाइडने क्वचित, विशेषतः तरुणांत, जबडा वाकडा होतो आणि मान वळते. 'अंगात आलं' म्हणून अंगारा लावत बसण्यापेक्षा दवाखान्यात न्या, इंजेक्शनने बहुतेकदा थोड्याच वेळात उतरतं.

आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील आणि गुटखा-सुपारीची सवय असेल तर सांध्याच्या आधी गाल तपासून घ्या. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होतं, तिखट लागलं की आग होते आणि तोंड महिन्यागणिक कमी उघडतं, सांधा ठणठणीत असला तरी. आणि लहान मूल हनुवटीवर पडलं, टाके घातले, जखम भरली, तरी पुढचे काही महिने त्याचं तोंड किती उघडतंय ते बघत राहा, कारण धक्का हनुवटीवरून थेट सांध्यात जातो, तिथे हाडाला हाड जुळून आलं तर तोंड उघडणं बंद होतं आणि खालच्या जबड्याची वाढही खुंटते.