घरातल्या जुन्या वस्तू आमच्याकडे विकायला देण्यापूर्वी

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडची जुनी घरं रिकामी करून मंडळी गोत्री-मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये जायला लागली, तसं आमच्याकडे रोज एकच विचारणं येतं: "आजी-आजोबांचं सामान आहे, ऑनलाइन विकून द्याल का?" देतो. तोच आमचा धंदा आहे. पण वस्तू घेऊन यायच्या आधी हे पत्रक वाचा आणि भावंडांनाही पाठवा. भावंडांना मुद्दाम म्हटलं आहे.

आधी घरात विचारा, मग आम्हाला

आमचा खरा वेळ फोटोंत किंवा पॅकिंगमध्ये जात नाही. तो जातो झालेली विक्री मोडण्यात.

होतं ते असं. एक भाऊ बडोद्यात राहतो, म्हणून घर आवरायचं त्याच्या गळ्यात पडतं. तो झोपाळ्याच्या पितळी कड्या आमच्याकडे आणून देतो. आम्ही त्या फोटोला टांगतो, जाहिरात टाकतो, "लास्ट प्राइस?" विचारणाऱ्या पन्नास जणांना उत्तरं देतो, शेवटी सुरतेचं गिऱ्हाईक पैसे भरतं. कड्या गोणपाटात बांधून झाल्या की नागपूरहून बहिणीचा फोन. कुणीतरी तिला जाहिरात पाठवलेली असते. "दादानं कुणाला विचारून दिल्या? आईनं त्या मला ठेवल्या होत्या."

ताईंचं काही चुकत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हक्क जात नाही, आणि हे फक्त घर-जमिनीपुरतं नाही, माळ्यावरच्या घंगाळालाही लागू आहे. मग आम्ही सुरतेचे पैसे परत करतो, वर त्याची बोलणी खातो, आणि आमच्या खात्यावर 'विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली' असा शेरा पडतो. दादा-ताईंचं येत्या भाऊबीजेला गोड होतं. आमच्या खात्यावरचा शेरा तसाच राहतो.

म्हणून आमचा नियम: वस्तूंची यादी, प्रत्येकीपुढे किमान किंमत, आणि प्रत्येक वारसाचा "विकायला माझी हरकत नाही" असा मेसेज. स्टॅम्पपेपर नको, नोटरी नको. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाका, सगळ्यांची उत्तरं आली की स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा. न्यू जर्सीतल्या भाच्याला रात्री वेळ होत असेल तर एक दिवस थांबू. पुढचं बोलणं मात्र एकानेच करायचं. एकाच समईबद्दल तीन चुलतभावांचे तीन वेगळे भाव आम्हाला झेपत नाहीत.

काही जण रागावतात, "आमच्या घरात असलं काही नाही हो." नसेलच. मग मेसेज यायला दहा मिनिटं लागतात.

भांड्यांच्या कडेला कोरलेली नावं तेवढी चष्मा लावून वाचा. मुंजीत, लग्नात आलेल्या भांड्यावर घेणाऱ्याचं, देणाऱ्याचं नाव आणि बरेचदा तारीख असते. ज्याच्या नावाचं भांडं, त्याला किंवा त्याच्या मुलांना आधी फोन करा. नाव घासून काढू नका. त्या तारखेवरून भांड्याचं वय कळतं आणि विकत घेणाऱ्याला तेच हवं असतं.

घासू नका, रंगवू नका

चिंच, पितांबरी, तारेची घासणी, काहीही नको. जुन्या तांब्या-पितळेवर चढलेला काळपट तपकिरी रंग आवडणारं गिऱ्हाईक जास्त पैसे देतं. लखलखीत घासलेलं भांडं त्याला नव्यासारखंच. बंबाच्या तोटीशी साचलेला क्षारसुद्धा राहू द्या, आमचा तांबट बघेल. एचएमटीच्या घड्याळाला नवी रंगवलेली डायल बसवून आणलीत तर भाव वाढत नाही, उतरतो. कारखाना 2016 मध्ये बंद झाल्यापासून 'जनता', 'पायलट' ही त्यांची जुनी मॉडेलं शोधणारे खूप झालेत, आणि त्यांना मूळ डायलवरचा डागही ओळखू येतो. आगफा क्लिक थ्री कॅमेरा असेल तर जरूर दाखवा. तो आपल्या बडोद्यातच बनायचा, आणि त्याला लागणारी 120 ची फिल्म अजून मिळते, म्हणून तरुण पोरं घेतात. जरीच्या साड्या दारावरच्या जरीवाल्याला वजनावर देण्याआधी पदराचा एक फोटो आम्हाला पाठवा, एवढीच विनंती.

फोटो उजेडात, फ्लॅश न मारता: अख्खी वस्तू, तळ, शिक्का असेल तर शिक्का, आणि मोडलेलं-पोचलेलं ठिकाण. शेजारी पट्टी ठेवा. पोचा लपवला तर तो घेणाऱ्याच्या घरी दिसतोच, आणि पार्सल परत येतं.

"दोनशे वर्षांपूर्वीचं आहे"

भाव वाढावा म्हणून हे वाक्य सगळेच म्हणतात. खरं असेल तर आम्ही ती वस्तू घेऊ शकत नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरच्या मूर्ती, चित्रं, नाणी, कारागिरीच्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं येतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही. आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवताच येत नाहीत. रविवर्मा छापखाना 1894 चा, म्हणजे तिथली सुरुवातीची चित्रंही आता शंभरी ओलांडून गेली. अशा वस्तूंसाठी परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. हस्तिदंती फणी, सांबराची शिंगं, बंदूक, तलवार आम्ही दुकानात ठेवूनही घेत नाही. सोन्याचे दागिने सराफाकडे न्या, आणि त्यावरच्या कराचं आपल्या सीएला विचारा.

ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट लाखाला जाते, हा व्हिडिओ आम्हीही पाहिला आहे. जात नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच लोकांना सावध केलं होतं.

आमचा हिस्सा

विक्रीच्या रकमेचा चौथा भाग. जास्त वाटतो हे माहीत आहे. त्यात फोटो, जाहिरात, बोलणी, पॅकिंग आणि परत आलेल्या पार्सलचं भाडं आलं. विकलं नाही तर तुमच्याकडून काही घेत नाही. तीन महिन्यांनी वस्तू परत न्यायची. पैसे हातात यायला वेळ लागतो, कारण घेणाऱ्याची परत करायची मुदत संपेपर्यंत ते आमचेही नसतात आणि तुमचेही.

स्वतः विकायचं असेल तर खुशाल विका, किरकोळ वस्तूंना तेच परवडतं. फक्त एक सांभाळा: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा गिऱ्हाईक नाही, चोर आहे.

एक-दोन तांबे घेऊन दुकानात येण्यापेक्षा माळा, कपाट, कोठी एकदम दाखवलीत तर आम्हीच घरी येतो, त्याचे पैसे नाहीत. संखेड्याचा झोपाळा किंवा शिसवी पलंग सोडवायला आमचा सुतार असतो. पोळांमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांत, टेम्पो सकाळी लवकरच शिरतो, तेव्हा सातला तयार राहा, आणि यादी हातात असू द्या.