सिनात्रा हळू गातो तेव्हा

१९६७ साली हॉलिवूडमध्ये ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी असे तीन दिवस अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा आणि ब्राझीलचा संगीतकार अंतोनिओ कार्लोस जोबिम यांचं ध्वनिमुद्रण झालं. तबकडीवर दहा गाणी आली. त्यांतली सात जोबिमची आणि तीन अमेरिकन, पण ठेका सगळ्यांना बोसा नोव्हाचा, म्हणजे ब्राझीलच्या एका हळुवार संगीतशैलीचा. पितळी वाद्यांच्या ताफ्याला पुरून उरणारा सिनात्राचा गळा इथे जवळजवळ कानात गातो. ऐकायला हे सोपं वाटतं, पण गळ्याची खरी परीक्षा यातच होते.

स्वरतंतू थरथरायला फुफ्फुसांतल्या हवेचा किमान दाब लागतो. नळीतलं पाणी साधारण ३ सेंटीमीटर वर चढेल, एवढा. रोजच्या बोलण्यात तो ६ ते ८ सेंटीमीटर असतो. हळू गाणारा त्या किमान दाबाच्या काठावर उभा असतो. दाब जरा ढळला की सूर तुटतो आणि नुसती हवा ऐकू येते. वरच्या सुरांत तंतू ताणले जातात, तसा हा किमान दाबही वाढतो. म्हणून वरचा हळू सूर सगळ्यांत आधी फाटतो.

जोरात गाताना तंतू झटकन मिटतात आणि मूळ सुराबरोबर वरचे स्वरांश, म्हणजे त्याच्यासोबत उमटणारे उंच बारीक सूर, भरपूर निघतात. हळू गाताना ते सावकाश मिटतात. वरचे स्वरांश मावळतात आणि आवाज मऊ होतो. त्यामुळे मोठ्यानं गाऊन मागाहून बटण फिरवत आवाज कमी केला, तर हा गोडवा येत नाही. आवाजाची घडणच वेगळी असते.

असा आवाज पकडायचा तर माइक ओठांपासून १०-१५ सेंटीमीटरवर हवा. एकदिशा माइक, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा, इतक्या जवळून खर्ज फुगवतो. थोडा फुगला तर ऊब येते, जास्त फुगला तर शब्द गढूळ होतात. गायकाचं डोकं १० वरून १५ सेंटीमीटरवर सरकलं, तर पातळी सुमारे साडेतीन डेसिबलनं पडते. ‘प’ आणि ‘ब’ची फुंकर माइकच्या पडद्यावर आदळून धप्प वाजते, त्यासाठी माइक किंचित तिरपा धरावा आणि मध्ये जाळी लावावी. शिवाय पातळी चढवली की खुर्चीची करकरही सुरांइतकीच स्पष्ट येते.

मग साथीचं काय? खालच्या पट्टीतला मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतल्या आवाजाला झाकून टाकतो. उलट दिशेनं हे फार कमी घडतं. बास, म्हणजे खर्जाची साथ, जड झाला की कुजबुज गेलीच. भोवती गोंगाट असला की गायक नकळत आवाज चढवतो, तो वेगळाच धोका. या तबकडीवर वाद्यमेळ रचणाऱ्या क्लाउस ओगरमान यांनी व्हायोलिनं आणि बासऱ्या विरळ ठेवल्या. एरवी पियानोवर रमणाऱ्या जोबिमनं इथे गिटार घेतली. माझ्या मते तबकडीचं अर्धं श्रेय त्या मोकळ्या जागांना आहे.

बोसा नोव्हाच्या ठेक्याचं गणितही नाजूक आहे. १६ बारीक मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १४ वर टाळी द्या. अंतरं होतात ३, ३, ४, ३, ३. क्यूबाच्या ‘सोन’ संगीतातल्या अशाच टाळ्यांच्या साच्यात, म्हणजे ‘सोन’ क्लाव्हेत, शेवटची टाळी १३व्या मात्रेवर पडते. इथे ती फक्त एक मात्रा पुढे सरकते, पण तेवढ्यानं चालण्याचा ठेका तरंगू लागतो. ब्राझिलियन गिटारवादक हा साचा जसाच्या तसा वाजवत बसत नाहीत. त्यांचा अंगठा ठोक्यावर खर्ज धरतो आणि बोटं कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, ठोक्याच्या आगेमागे सोडतात. या दोन्हींच्या फटीत शब्द टाकायचे असतात. नवखा गायक प्रत्येक शब्द ठोक्यावर आदळतो आणि ठेका मरतो.

याच तबकडीवरचं जोबिमचं ‘हाउ इन्सेन्सिटिव्ह’ ऐकताना दोन कान लावा. चाल मोजक्या सुरांभोवती घुटमळते, तर खाली बास अर्ध्या अर्ध्या सुरानं उतरत जातो. आवाजात कंप जवळजवळ नाही. कंपात सुराची चूक थोडी लपते. इथे लपायला जागाच नाही.