फेसापासून पीफासपर्यंत : पाण्यातल्या न दिसणाऱ्या रसायनांच्या सफाईची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत साबणाची जागा डिटर्जंटने घेतली आणि काही वर्षांतच नद्यांवर फेसाचे थर तरंगू लागले. या डिटर्जंटच्या रेणूतली कार्बनची साखळी फाटे फुटलेली होती आणि सांडपाण्यातल्या जिवाणूंना ती नीट तोडता येत नव्हती. पश्चिम जर्मनीने १९६१मध्ये कायदा केला आणि १९६४पासून डिटर्जंट किमान ८० टक्के विघटनशील असण्याची अट लागू झाली. अमेरिकी उत्पादकांनी १९६५च्या सुमारास आपणहून सरळ साखळीचा रेणू स्वीकारला. फेस बराच ओसरला. त्यासाठी कारखान्यातला रेणू बदलावा लागला, सांडपाणी केंद्र नाही.

इतका स्वस्त आणि इतका सफाईदार तोडगा नंतर क्वचितच निघाला. पुढच्या साठ वर्षांत बहुतेक वेळा उलटे घडले : रेणू तसाच राहिला आणि पाण्याच्या शेवटच्या टोकाला यंत्रे वाढत गेली. याचे एक मोठे कारण म्हणजे फेस सगळ्यांना दिसत होता. त्यानंतर आलेली रसायने कोणालाच दिसत नव्हती.

शिवाय सांडपाणी शुद्धीकरणाचा मूळ आराखडा या कामासाठी नव्हताच. आजही जगभर वापरली जाणारी सक्रिय गाळ पद्धत एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४मध्ये मँचेस्टरमध्ये मांडली. हवा खेळवलेल्या टाकीत जिवाणू मैल्यातले सेंद्रिय पदार्थ खातात आणि जड होऊन तळाशी बसतात, एवढी साधी कल्पना. रोगराई आणि कुजलेल्या नद्या हे त्या काळचे प्रश्न होते आणि ते तिने उत्तम सोडवले. पण शरीरात टिकून राहावे म्हणून मुद्दाम घडवलेला औषधाचा रेणू जिवाणूंनी सहज खावा, अशी अपेक्षा तिच्याकडून कशी करणार?

औषधे पाण्यात उतरतात, याची पहिली चाहूल १९७०च्या दशकातली. १९७७मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या सांडपाण्यात क्लोफिब्रिक आम्ल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा हा शरीराबाहेर पडणारा अंश. बातमी तिथेच विरली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तणनाशकांचे अंश शोधताना तेच आम्ल भूजलात पुन्हा हाती लागले, कारण त्याची रचना एका तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. म्हणजे शोधत होते एक आणि सापडले दुसरेच. या विषयात असे बऱ्याचदा झाले आहे.

मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणारी जुनी वायू-वर्णलेखन पद्धत वाफ होऊ शकणाऱ्या पदार्थांवरच चालायची. औषधे बहुधा पाण्यात विरघळणारी आणि वाफ न होणारी, म्हणून ती निसटायची. जॉन फेन यांनी १९८०च्या दशकात मोठे रेणू न मोडता त्यांना विद्युतभारित करण्याची इलेक्ट्रोस्प्रे पद्धत विकसित केली (२००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी होता) आणि द्रवातले पदार्थ वेगळे करणाऱ्या द्रव-वर्णलेखनाला रेणूंचे वस्तुमान मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक जोडता आला. आता लिटरभर पाण्यातले काही नॅनोग्रॅमही मोजता येऊ लागले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. १९९९-२०००मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ३० राज्यांतल्या १३९ ओढ्या-नद्यांत ९५ रसायने शोधली. त्यांतले किमान एक तरी ८० टक्के ठिकाणी मिळाले. २००२मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि औषधे, संप्रेरके, सौंदर्यप्रसाधने यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

इतक्या सूक्ष्म प्रमाणाने काय बिघडते, हा आक्षेप तेव्हाही घेतला जायचा. त्याचे सर्वांत ठाम उत्तर माशांनी दिले. ब्रिटनमध्ये सांडपाणी केंद्रांच्या खालच्या अंगाला पिंजऱ्यात ठेवलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचे प्रथिन सापडले, जे एरवी माद्यांतच तयार होते. हे संशोधन १९९४मध्ये प्रसिद्ध झाले. चार वर्षांनी कारणे सापडली : नैसर्गिक इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) आणि गर्भनिरोधक गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी पुढे एक अख्खे प्रायोगिक तळे यासाठी वापरले. २००१ ते २००३ अशी तीन वर्षे त्यात लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम कृत्रिम इस्ट्रोजेन राखले आणि छोट्या मिनो माशांची संख्या कोसळून ते नामशेष व्हायच्या बेतात आले. रसायन टाकणे थांबवल्यावर काही वर्षांनी मासे पुन्हा वाढले. या प्रयोगाचा हा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही.

उपायांची अवजारे मात्र जुनीच होती. ओझोनने पाणी शुद्ध करणे फ्रान्समधल्या नीसमध्ये १९०६पासून चालू होते. रसायने आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवणारा सक्रिय कोळसा तर त्याहून जुना. स्वित्झर्लंडने हीच दोन अवजारे सांडपाण्याच्या शेवटच्या टप्प्यावर आणली. २०१४मध्ये ड्यूबेनडॉर्फजवळच्या नॉयगुट केंद्रात पूर्ण क्षमतेचे ओझोनीकरण सुरू झाले. १ जानेवारी २०१६पासून देशाचा कायदाच बदलला : सातशेहून अधिक केंद्रांपैकी सुमारे शंभरांत हा टप्पा जोडायचा, ठरावीक सूक्ष्म प्रदूषके ८० टक्के काढायची आणि खर्चासाठी माणशी वर्षाला कमाल ९ फ्रँक घ्यायचे. सगळ्या केंद्रांचा आग्रह न धरता मोठी आणि मोक्याची केंद्रे निवडली, हा मला या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो.

पण ओझोन रेणू मोडतो, संपवत नाही. तुकडे उरतात आणि ते खाण्यासाठी पुढे वाळूची जैविक गाळणी लागते. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट तयार होते, ज्याच्याविषयी कर्करोगाचा संशय आहे. तुकडा मूळ रेणूपेक्षा घातक निघू शकतो, हे २०२०च्या डिसेंबरमध्ये वेगळ्याच ठिकाणी दिसले. अमेरिकेतल्या सिएटल परिसरात पावसानंतर कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत होते. टायरचे रबर तडकू नये म्हणून घातलेले ६पीपीडी हवेतल्या ओझोनशी अभिक्रिया करून जो क्विनोन बनवते, तो यामागे होता. रस्त्यावरचे असे पाणी अनेक ठिकाणी सांडपाणी केंद्रात जातच नाही. तिथे माती, वाळू आणि कंपोस्टच्या थरातून ते झिरपू देणे हाच उपाय प्रयोगांत उपयोगी ठरला.

सगळ्यांत चिवट प्रकरण पीफासचे, म्हणजे कार्बन-फ्लोरिन बंधांनी बनलेल्या, सहजी न तुटणाऱ्या कृत्रिम रसायनांच्या गटाचे. १९३८मध्ये ड्यूपाँटचे रॉय प्लंकेट यांना अपघाताने टेफ्लॉन मिळाले. कार्बन-फ्लोरिन बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी एक. त्याच्या जोरावर न चिकटणारी भांडी, डाग न पडणारे कापड आणि विमानतळांवर तेलाची आग विझवणारा फेस तयार झाला. १९६८मध्येच डोनाल्ड टॅव्हेस यांनी माणसाच्या रक्तात सेंद्रिय स्वरूपातला फ्लोरिन असल्याचे दाखवले होते. थ्रीएम कंपनीने पीएफओएस हे पीफास बंद करण्याची घोषणा केली ती २०००मध्ये. चिवट प्रदूषकांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ला आणि त्याच गटातले पीएफओए २०१९ला आले. मधल्या काळात पीएफओएच्या जागी जेनएक्स नावाचे रसायन आणले गेले आणि ते अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत सापडले. रेणू बदलला खरा, पण तोही न तुटणाराच.

एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएससाठी प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. कोळसा आणि आयन-विनिमय रेझिन (विद्युतभारित रेणू पकडणारे कृत्रिम दाणे) लांब साखळीचे रेणू चांगले पकडतात, आखूड साखळीचे लवकर निसटतात. आणि पकडलेले जाते कुठे? भरलेला कोळसा तापवून पुन्हा वापरतात किंवा जाळतात, रेझिनचा कचरा उरतो. बरीचशी सफाई म्हणजे प्रदूषक पाण्यातून काढून दुसरीकडे ठेवणे. म्हणून आता भर आहे तो नष्ट करण्यावर. पाणी ३७४ अंश सेल्सिअस आणि २२१ बार दाबाच्या वर नेले की त्यात पीफास ऑक्सिडीकरणाने मोडतात, पण ऊर्जा प्रचंड लागते. २०२२मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कॉस्टिक सोडा आणि एका सामान्य द्रावकाच्या मदतीने ८० ते १२० अंशांतच पीएफओएसारखे रेणू मोडून दाखवले गेले. पीएफओएस मात्र या रीतीला बधले नाही.

पैसे कोणी द्यायचे, हा वाद आता युरोपात पेटला आहे. १ जानेवारी २०२५पासून अमलात आलेल्या नव्या सांडपाणी निर्देशानुसार दीड लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येइतका भार असलेल्या केंद्रांना २०४५पर्यंत सूक्ष्म प्रदूषके काढणारा चौथा टप्पा उभारायचा आहे आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. सहज विघटन होणाऱ्या पदार्थांना यातून सूट मिळू शकते, म्हणजे रेणू बदलण्यात आता पैशाचा फायदा आहे. प्रदूषण इतर उद्योगही करतात, मग भुर्दंड आम्हालाच का, असा औषध उद्योगाचा सवाल आहे आणि २०२५मध्ये त्यांनी या तरतुदीला युरोपीय न्यायालयात आव्हान दिले.