किड्याने आधी बुडायला हवं

‘शेततळ्यात ट्राउट, एकरी लाखोंचं उत्पन्न’ अशा चित्रफिती सध्या आमच्या साकोली-लाखांदूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहेत. आधी हा फुगा फोडून टाकू. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाणी २० अंशांच्या वर चढू लागलं की त्याचे हाल सुरू होतात, आणि २५ च्या आसपास तर जिवावर बेततं. त्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम ७.५. आमच्याकडच्या मे महिन्यात शेततळ्याचं पाणी काय होतं हे ज्याने हात घातलाय त्याला विचारा. भारतात ट्राउट आहे तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड ठिकाणी, आणि तिथेही तो इंग्रजांनी बाहेरून आणून सोडलेला. तेव्हा त्याच्या नावाने शेततळं खोदू नका. रोहू-कटला आहेत, मरळ आहे, त्यांचं बघा.

पण याच चित्रफितींच्या नादाने गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करणारा माझा पुतण्या भलत्याच गोष्टीकडे वळला. ट्राउट धरायला गळावर पिसं आणि तार गुंडाळून जो खोटा किडा बांधतात, ज्याला ‘निंफ’ म्हणतात, तो त्याने घरी बांधला. माझ्यापुढे धरून म्हणाला, “काका, हा तर किड्यासारखा दिसूनच नाही राह्यला.” दिसत नव्हताच. तरी बांधणी उत्तम होती.

निंफ म्हणजे काय ते शाळेत झुरळाच्या निमित्ताने आलेलं असतं: अंड्यातून बाहेर पडलेलं, पंख न फुटलेलं पिल्लू. मेफ्लाय नावाच्या कीटकाचं असं पिल्लू महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षभर, नदीच्या तळाशी दगडांना चिकटून काढतं. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, मागे बहुधा तीन शेपट्या. पंख फुटल्यावर मात्र त्याला धड तोंडही उरत नाही. खाणं बंद, एक-दोन दिवसांत जोडी जमवायची आणि संपायचं. म्हणजे माशाच्या दृष्टीने हा कीटक आयुष्यभर पाण्याखालीच असतो, आणि ट्राउटचं बरंचसं खाणंही पाण्याखालीच होतं. हे किडे आपल्याकडेही आहेत. दिवाळीनंतर चुलबंद नदीच्या वरच्या अंगाला वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटून पाहा, चपटे, खेकड्यासारखे आडवे पळणारे जीव दिसतील.

बांधायची रीत सोपी आहे. १४ किंवा १६ नंबरचा बारीक गळ घ्यायचा, त्यावर भोक पाडलेला धातूचा मणी ओवायचा. गळ पकडीत घट्ट धरायचा. कोंबड्याच्या शेपटीच्या पिसातले तीन-चार तंतू मागे शेपटी म्हणून बांधायचे आणि उरलेले तारेबरोबर पीळ देत मण्यापर्यंत गुंडाळत आणायचे. मण्यामागे दोन-चार वेढे जास्त, म्हणजे छाती तयार. तार पंपाच्या मोटरीची घेऊ नका, जाड पडते. जळक्या पंख्याची किंवा लहान ट्रान्सफॉर्मरची केसासारखी तांब्याची तार हवी. गुंडाळताना ती बोटाला जराशी कापते, आणि ओढ जास्त झाली तर शेवटच्या वेढ्यालाच तुटते. मोराच्या पिसाचे तंतूही चालतात, पण शेतात गळून पडलेलंच पीस घ्या. मोराला हात लावला तर वन्यजीव कायदा आहे.

आता मुद्दा. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारा फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) असाच, पण मण्याशिवाय, फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार एवढ्याच दोन वस्तूंचा निंफ बांधायचा. त्याला पाय लावायचाच नाही. खरा निंफ पोहताना पाय अंगाशी घेतो हे त्याने नदीकाठी बसून पाहिलं होतं. आणि पाय म्हणून लावलेली पिसं पाण्यात पसरली की किड्याला बुडू देत नाहीत.

बुडण्याचा वेग ठरतो कसा? वजन खाली ओढतं, पाण्याचा रोध वर ढकलतो. दोन्ही समान झाले की वेग स्थिर होतो. ३ मिलिमीटरच्या मण्याचं घनफळ साधारण १४ घन मिलिमीटर. पितळेची घनता साडेआठच्या आसपास, टंगस्टनची १९.३. पाण्यात बुडालेल्या वस्तूचं वजन तिने सारलेल्या पाण्याइतकं घटतं (आर्किमिडीज), म्हणून दोन्हींतून पाण्याची घनता १ वजा करा: ७.५ आणि १८.३. टंगस्टनचा मणी पाण्यात जवळपास अडीचपट जड. मग तो अडीचपट वेगाने बुडेल? नाही. या आकाराला आणि वेगाला पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. (वस्तूच्या वेगापुढे पाण्याचा चिकटपणा किती किरकोळ आहे हे सांगणारा रेनॉल्ड्झ अंक इथे हजारांत आहे म्हणून हे चालतं. मधात टाकलेल्या मण्याला हा हिशेब लागू नाही.) नुसता टंगस्टनचा मणी सेकंदाला मीटरभर बुडेल, पण पिसं चढली की रोध वाढतो आणि वेग जेमतेम पाव उरतो. इथे तार, पिसं आणि वेढे किती घट्ट बसवलेत त्याला किंमत येते.

एवढी घाई कशासाठी? कारण नदी सगळीकडे एका वेगाने वाहत नाही. तळाच्या दगडांना घासून पाणी मंदावतं, वर जाताना वेग आधी झपाट्याने आणि मग हळूहळू वाढतो. पाटबंधाऱ्याचे लोक प्रवाह मोजताना वेगमापक पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर धरतात, कारण सरासरी वेग साधारण तिथे सापडतो. खडकाळ तळाशी तो पृष्ठभागाच्या निम्म्यावरही येतो. ट्राउट त्या मंद पाण्यात दगडाआड थांबतो आणि समोरून वाहत आलेलं उचलतो. निंफही पाय सुटला की त्याच मंद वेगाने वाहतो. सूर्यास्तानंतर तर ते मोठ्या संख्येने दगड सोडून वाहत जातात. १९६० च्या दशकात प्रवाहात जाळी लावून जीवशास्त्रज्ञांनी हे मोजलं.

आता आपला निंफ बघा. समजा पाणी ६० सेंटिमीटर खोल, वरचा वेग सेकंदाला १ मीटर आणि निंफ सेकंदाला २० सेंटिमीटर बुडतो. तळाला पोचेपर्यंत ३ सेकंद, तेवढ्यात तो दोन-अडीच मीटर खाली वाहून गेलेला. म्हणून माशाच्या तेवढा वर टाकायचा. आणि तरी घोटाळा राहतोच: दोरीचा मोठा भाग वरच्या वेगवान पाण्यावर असतो, ती निंफला ओढत नेते, आणि आजूबाजूचे खरे किडे ज्या वेगाने जातात त्याच्या दुप्पट वेगाने आपला पळतो. माशाला रंग चुकलेला चालतो, वेग चुकलेला सहसा चालत नाही. म्हणून दोरी बारीक घेतात, आणि चेक-पोलिश मासेमारांनी रूढ केलेल्या पद्धतीत काठी उंच धरून ती शक्य तितकी पाण्याबाहेरच ठेवतात. अपवाद एक: सॉयर शेवटी निंफ हलकेच वर उचलायचा. पंख फुटायला वर निघालेला किडाही तसाच चढतो.

दुकानात चमकणारे मणी आणि ‘मासा ओढणारी’ तेलं विकतात. दर मृगाला हैदराबादेत दम्यावर जिवंत मरळ गिळवतात, त्यालाही आमच्याकडून गाड्या भरून लोक जातात. दोन्हींमागे पुरावा सारखाच आहे: शून्य.

पुतण्याचा निंफ आम्ही काचेच्या उंच बरणीत सोडून पाहिला. जरा रेंगाळला. छातीकडचे तंतू कमी करून पुन्हा बांधतोय. हिमाचलात जाऊन टाकून पाहायचा म्हटलं तरी तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते, त्यामुळे मार्चपर्यंत वेळ आहे.