लाईनीतलं घर: बेळगावच्या जुन्या गल्ल्या, बांधकामाचे नियम आणि रस्ता रुंदीकरण यामागची गोष्ट

बेळगावच्या शहापुरात आमचं जुनं घर आहे, समोरून 12 फूट आणि आत 55 फूट. पुढे ओटा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, वर मंगळुरी कौलं. ओट्याच्या कडेपासून सहा फूट आत, सोप्याच्या भिंतीवर एक लाल खूण आहे, मी शाळेत असताना कधीतरी रंगवलेली, अजून पुसट दिसते. रस्ता इथपर्यंत येणार, असा तिचा अर्थ. रस्ता काय अजून आला नाही, पण त्या एका खुणेमुळे घर पाडून नवीन बांधायचं आमच्या घरात तीस वर्षं नुसतं बोलणं चालू आहे. काकांना एका ओळखीच्या ओव्हरसीअरने तेव्हाच सांगितलं होतं, "आत्ता हात लावू नका, पाडलात की लाईन लागणार."

पाडलात की लाईन लागणार हे वाक्य बेळगावात गणपत गल्लीपासून वडगावपर्यंत प्रत्येक जुन्या घरात ऐकायला मिळेल. ते आलं कुठून, आणि रस्ते सुंदर करायच्या गोष्टीशी त्याचा काय संबंध, हे थोडं मागे जाऊन बघावं म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे "नियमात न बसणारं" आणि "अनधिकृत" हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. माझ्या पणजोबांनी घर बांधलं तेव्हा समोर इतकी जागा सोडा, बाजूला इतकी सोडा असं सांगणारा नियमच नव्हता. घर आधीचं, नियम नंतरचा. म्हणजे घराने काही मोडलेलं नाही. पूर्ण परवानगी हातात असून वर दोन मजले चोरून चढवलेली बिल्डिंग वेगळी आणि हे घर वेगळं. पण नकाशा मंजूर करायला गेलं की टेबलावर दोघांना एकच फूटपट्टी.

बेळगावची म्युनिसिपालिटी 1851 ची. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात, त्यामुळे कायदे सगळे मुंबईचे. 1873, 1884, 1901 असे एकामागून एक डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायदे आले आणि त्यातून रस्त्याची ठरीव रेषा ही कल्पना रुजली. म्हणजे रस्ता आज आहे तसा राहू दे, पण कागदावर त्याची एक रेषा ओढून ठेवायची, आणि जो कोणी घर पाडून बांधेल त्याला त्या रेषेच्या मागे सरकवायचं. सरकारला एकदम पैसे घालून सगळी घरं घ्यायला नकोत, हळूहळू एकेक घर मागे जाईल आणि पन्नास वर्षांत रस्ता आपोआप रुंद होईल, असा तो हिशेब. मुंबईत 1896 ला प्लेग आला, 1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, हवा-उजेड पाहिजे, दाट वस्ती फोडली पाहिजे असा विचार सगळ्या इलाख्यात पसरला आणि 1915 ला देशातला पहिला टाऊन प्लॅनिंग कायदा मुंबईनेच केला.

या विचाराचा फटका बेळगावात कुणाला बसला तर लक्ष्मणराव किर्लोस्करांना. इथे त्यांचं आधी सायकलचं दुकान, मग नांगर आणि कडबा कापायची यंत्रं. त्यांचा कारखाना ठळकवाडीच्या बाजूला होता आणि म्युनिसिपालिटीला तिथे नवीन वसाहत करायची होती. जागा सोडावी लागली. 1910 साली औंधच्या राजांनी कुंडलजवळ 32 एकर माळ दिला, 10 हजारांचं कर्ज दिलं आणि तिकडे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ठळकवाडीची पुढे टिळकवाडी झाली, सरळ रस्ते, मोठे प्लॉट, झाडं, आणि 1924 चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशनही त्याच बाजूला भरलं. टिळकवाडी सुंदर आहे यात वादच नाही, मला स्वतःला तिथल्या रस्त्यावरून संध्याकाळी चालायला फार आवडतं. पण नियम आधी की माणूस आधी हा प्रश्न आपल्या गावात 1910 लाच एकदा विचारला गेलाय आणि उत्तर म्हणून एक कारखाना गाव सोडून गेलाय, हे किर्लोस्कर रोडवरून जाताना माझ्या डोक्यात येतंच.

गंमत म्हणजे त्याच काळात अमेरिकेतही हेच चाललेलं. लॉस एंजेलिसमध्ये एकाची वीटभट्टी होती, गावाबाहेर, मग गाव वाढत तिच्यापर्यंत आलं आणि नगरपालिकेने ठराव करून भट्टी बंद केली. जमिनीची किंमत 8 लाख डॉलरवरून 60 हजारावर येते असं मालकाचं म्हणणं, तरी 1915 ला सुप्रीम कोर्टाने ठराव उचलून धरला. पुढच्याच वर्षी, 1916 ला, न्यूयॉर्कने अख्ख्या शहराला झोनिंग लावलं, म्हणजे कुठल्या भागात काय आणि किती उंच बांधायचं ते ठरवून दिलं, कारण 38 मजल्यांची एक बिल्डिंग रस्त्यावर सरळ उभी चढली आणि शेजारच्यांचा उजेडच गेला. 1926 ला ओहायोतल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाच्या खटल्यात झोनिंग घटनेत बसतं असा निकाल लागला आणि मग गावोगावी तेच.

पण आधीपासून उभ्या असलेल्या घरा-दुकानांचं काय करायचं, याला तिकडे सगळे घाबरले. सगळ्यांना हाकलायला गेलं तर कोर्टात टिकणार नाही आणि लोकही खवळतील. म्हणून तोडगा काढला की जुनं आहे तसं राहू द्या, वापरू द्या, फक्त वाढवू देऊ नका, आणि निम्म्याहून जास्त पडलं किंवा जळलं तर पुन्हा बांधताना नवीन नियम लावा. जुनं हळूहळू मरेल असा अंदाज होता. तो चुकला. मेलं नाही, कारण नवीन जागेत तसं बांधता येत नाही म्हटल्यावर जुन्या जागेचीच किंमत वाढली, लोक ठिगळं लावून तेच वापरत राहिले. जुन्या बाजारपेठेच्या रस्त्यांवर तर उलटं झालं, फुटपाथला लागून असलेली जुनी दुकानं पडली की त्यांच्या जागी मागे सरकलेली बिल्डिंग आणि पुढे पार्किंग, रस्त्याची सलग ओळच तुटली. मग तिकडच्या बऱ्याच गावांनी नियम उलटा फिरवला, आग लागली, वादळात पडलं, तर ठराविक मुदतीत जुन्याच पायावर, जुन्याच उंचीचं बांधायला परवानगी, आणि बाजारपेठेत तर पुढची भिंत फुटपाथच्या रेषेवरच पाहिजे असा आग्रह.

हे निम्म्याचं गणित आपल्याही म्युनिसिपल कायद्यात आहे बरं का. घराचा घनफुटात निम्म्याहून जास्त भाग पाडला, जळला किंवा पडला आणि परत उभा केला तर ते दुरुस्ती नाही, पुनर्बांधणी. आणि एकाच वेळी पडायला पाहिजे असंही नाही, थोडं थोडं करून निम्मं झालं तरी तेच. दुरुस्ती असेपर्यंत तुम्ही जुने, पुनर्बांधणी झाली की नवीन, मग लाईन, सेटबॅक म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, पार्किंग सगळं लागू. म्हणून जुन्या बेळगावात लोक एका वर्षी कौलं काढून पत्रे घालतात, दोन वर्षांनी मागची भिंत विटांची करतात, आणि पुढची मातीची भिंत तशीच ठेवतात, कितीही पोपडे निघू देत.

1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. त्या दिवसाबद्दल काय वाटतं ते सीमाभागात कुणाला सांगायला नको, इथे विषय घराचा आहे. कायदे बदलले. 1961 चा टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा 1965 पासून लागू झाला, 1976 ला महापालिकांचा कायदा आला, 1987 च्या कायद्याने बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण, आली. मास्टर प्लॅन बुडा करणार, बांधकाम परवाना महापालिका देणार. मुंबईच्या काळातलं काय राहिलं तर सिटी सर्व्हे, म्हणजे शहरातल्या जागांची मोजणी आणि नोंद, आपला सीटीएस उतारा. घराची जुनी खतं मोडीत किंवा मराठीत, उतारा कन्नडमध्ये, प्लॅनचे नियम इंग्रजीत. सत्तरीतला माणूस स्वतःच्याच घराचे तीन कागद तीन जणांकडून वाचून घेतो आणि तिघं तीन अर्थ सांगतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि आमचं शहापूर तर त्याहून वेगळं. 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात, पटवर्धनांचं. बेळगाव म्युनिसिपालिटीचे नियम तिथे चालतच नव्हते. विणकरांची, सराफांची पेठ, मागाला लांब जागा लागते म्हणून घरं अरुंद आणि खोल. अशा 12 फुटी घराला पुढे सहा फूट लाईन आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळं सोडा असा नियम अक्षरशः लावला तर मध्ये सहा फुटांची पट्टी उरते. त्यात जिना घातला की संपलं. कॅम्पातले बंगले बघून काढलेली फूटपट्टी पेठेतल्या घराला लावायची हे कुणाच्याच फायद्याचं नाही.

यावर सरकारने काही केलंच नाही असंही नाही. अक्रम-सक्रम, म्हणजे बेकायदा बांधकाम कायदेशीर करून घ्यायची, योजना आली, 2007 ला कायदा दुरुस्त केला, घराला 50 टक्के आणि दुकानाला 25 टक्क्यांपर्यंत नियमभंग दंड भरून माफ. हायकोर्टाने 2016 च्या डिसेंबरात ती मान्य केली आणि जानेवारी 2017 ला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. पण माझं म्हणणं, जुन्या घराला अक्रम म्हणायचंच कशाला? त्याने दंड का भरायचा? दुसरी सोय टीडीआरची, म्हणजे रस्त्याला जागा द्या आणि बदल्यात दुसरीकडे जास्त बांधायचा हक्क घ्या, कायद्यात कलम 14-ब. बेंगळुरूत त्याला गिऱ्हाईक आहे. गल्लीतल्या माणसाने 72 चौरस फूट देऊन मिळालेला तो कागद कुणाला विकायचा?

ऑगस्ट 2019 चा पाऊस आठवतोय ना, सगळ्या जिल्ह्यात मातीच्या भिंती पाणी पिऊन बसल्या, खानापूर-चिक्कोडीकडे तर गावंच्या गावं. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने 5 लाख जाहीर केले. पण शहरातल्या जुन्या गल्लीत ज्याचं पडलं त्याच्यापुढे पैशाआधी हाच प्रश्न, जुन्या पायावर बांधू देणार का. पाऊस काही निम्मं मोजून पडत नाही. माझ्या मते नियमात एवढा एक फरक तरी स्पष्ट पाहिजेच, की स्वतःहून पाडलेलं वेगळं आणि पावसाने पडलेलं वेगळं.

आता रस्त्यांकडे. मार्च 2011 ला विश्व कन्नड संमेलन इथे भरलं, 2012 ला सुवर्ण विधानसौध झालं, त्या दोन-तीन वर्षांत गावातले रस्ते झपाट्याने रुंद झाले. मग जानेवारी 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगाव आलं आणि फुटपाथ, गटारी, जमिनीखालून केबल, दिवे, सायकलची पट्टी अशी कामं सुरू झाली. मंडोळी रोडसारख्या ठिकाणी ते जमलंही, कारण जागा होती. मध्यवर्ती बाजारात गेलात की कळतं, खडेबाजार, पांगुळ गल्ली, रविवार पेठ, तिथे एक घर मागे, दोन पुढे, मग एक अर्धं कापलेलं, दात पडल्यासारखी ओळ. कापलेल्या घराच्या पुढच्या तोंडाला आतल्या खोलीचा हिरवा रंग अजून दिसतो, खुंटीसकट. मागे सरकलेल्या जागेचा रस्ता होतच नाही कारण शेजारी पुढेच आहे, तिथे दोन स्कूटर लागतात नाहीतर खोकं बसतं. फुटपाथ सलग करायचा तर ही ओळ आधी ठरवायला पाहिजे, आणि ओळ ठरवायची तर जुन्या घरांना काय देणार ते ठरवायला पाहिजे. फरशा नंतर. गणपत गल्लीत पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांचाही त्यात विचार हवा, 2014 च्या फेरीवाला कायद्याने त्यांना हक्क दिलेत.

जागा रीतसर न घेता रस्ता केला की काय होतं ते 2024 ला सगळ्या गावाने पाहिलं. शहापूरच्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी.बी. रोडपर्यंतचा रस्ता रुंद झाला होता, जागामालक कोर्टात गेले, हायकोर्टात भरपाईचा आकडा 20 कोटींवर गेला आणि शेवटी महापालिकेने जागाच परत केली. केलेला रस्ता उखडला. शंभर वर्षांपूर्वीची ती हळूहळू मागे सरकवायची युक्ती निदान मालकाने स्वतः पाडेपर्यंत थांबत तरी होती. मालमत्तेचा हक्क 1978 ला मूलभूत हक्कांतून निघाला, पण 300-अ कलमात आहे, कायद्याशिवाय जागा घेता येत नाही, हे आता आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालंय.

तुमचंही घर असंच लाईनीत असेल तर पाडायच्या आधी ते प्लॅनच्या आधीपासून उभं होतं याचे कागद गोळा करून ठेवा, सीटीएस उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, पुढच्या भिंतीचे फोटो टेप धरून काढलेले, आणि सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याशी लेखी करून घ्या. मागच्या दिवाळीत मी आमची पेटी उघडली. पणजोबांचं मोडीतलं खत निघालं, एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतलं. चतुःसीमेत दक्षिणेला शेजाऱ्याचं नाव, उत्तरेला शेजाऱ्याचं नाव, मागे बोळ, आणि पूर्वेला "रहदारीचा रस्ता" एवढंच. किती फुटांचा ते लिहिलेलं नाही.