सफारीची वाट आणि शिकाऱ्याचा सापळा

वाघ बघायला जंगलात जायचं, ही कल्पना तशी अलीकडची. त्याआधी लोक जायचे ते वाघ मारायला, आणि तेही एक पर्यटनच होतं. स्वातंत्र्यानंतरही वीस-बावीस वर्षं मध्य भारतातल्या शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना मचाणावर बसवून भरपूर पैसे कमावत होत्या. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या मोजणीत १,८२७ वाघ निघाले. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्राचं एकच होतं, मेळघाट. ताडोबाचा नंबर १९९५ मध्ये लागला. तिथलं राष्ट्रीय उद्यान मात्र १९५५ चं आणि शिकारबंदी त्याहून जुनी, १९३५ ची.

पर्यटक आले म्हणजे वाघ वाचला, असं समजणाऱ्यांनी सरिस्का आठवावं. दिल्ली-जयपूरहून काही तासांवरचं जंगल, पाहुण्यांची ये-जा नेहमीची आणि २००४ मध्ये कागदावर दीड डझनाच्या आसपास वाघ. २००५ उजाडलं तेव्हा कळलं, एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी सगळे नेले होते. पाठोपाठ २००९ मध्ये मध्य प्रदेशातलं पन्नाही रिकामं झाल्याचं उघड झालं. दोन्ही ठिकाणी पुढे बाहेरून वाघ आणून सोडावे लागले.

सरिस्कानंतर पंतप्रधानांनी पर्यावरणतज्ज्ञ सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं. त्याच्या अहवालातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. जंगलाच्या जिवावर हॉटेलं चालतात, तर त्यांच्या उलाढालीतला वाटा जंगलाकडे यावा, आणि जंगलाशेजारी राहणाऱ्यांना वाघ जगण्यात काही फायदा दिसावा. हे सरळ आहे. शिकाऱ्यांची टोळी कितीही सराईत असली तरी तिला स्थानिक माणूस लागतो. वाघ कोणत्या पाणवठ्यावर येतो, वनरक्षक कधी फिरतो, रात्री कुठे मुक्काम करायचा, हे गावातलंच कुणीतरी सांगतं. त्या माणसाच्या घरात सफारीचा पैसा येत असेल तर त्याचं तोंड सहजी उघडत नाही. येत नसेल, तर वाघ त्याच्यासाठी गाय मारणारं जनावर एवढाच उरतो.

२००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचं प्रतिष्ठान स्थापता येईल अशी सोय झाली. ऐकायला ही बाब रुक्ष आहे, पण माझ्या मते सगळ्या कथेतलं खरं वळण तेच. गेटवर जमा झालेलं शुल्क सरकारी तिजोरीत न जाता प्रतिष्ठानात राहू लागलं. त्यातून जंगलाचं संरक्षण आणि भोवतालच्या गावांची कामं होऊ लागली. ताडोबात तर बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांना स्वतःची गेटं मिळाली. आगरझरी, जुनोना, देवाडा, मदनापूर या भागातली तरुण पोरं गाईड झाली, सफारीच्या उघड्या गाड्या, म्हणजे जिप्सी, चालवू लागली. अलीकडे बायकाही गाईड म्हणून उभ्या राहिल्या आहेत.

मध्ये एक धक्का बसला. २४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं, म्हणजे गाभ्याच्या जंगलातलं, पर्यटन तात्पुरतं थांबवलं. १६ ऑक्टोबरला बंदी उठली, ती नव्या मार्गदर्शक सूचनांसह. कोअरच्या २० टक्क्यांपर्यंतच पर्यटन, गाड्यांच्या संख्येला मर्यादा, जनावरापासून किमान २० मीटर अंतर. बंदीतला बराच काळ पावसाळ्याचा असल्याने गेटं तशीही बंद होती. पण पर्यटक जंगलाला भार की आधार, हा वाद त्या निमित्ताने पहिल्यांदा खुलेपणाने झाला.

आधार कसा, ते विदर्भातच दिसतं. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला जय नावाचा वाघ २०१६ च्या एप्रिलनंतर दिसेना, तेव्हा गाईड आणि पर्यटकांनीच हाकाटी केली. मोठी शोधमोहीम निघाली. जय सापडला नाही, पण तो गेलाय हे लपलंही नाही. ताडोबाची वाघीण माया २०२३ च्या पावसाळ्यात गायब झाली, तेव्हाही तसाच शोध झाला आणि नोव्हेंबरमध्ये तिचे अवशेष मिळाले. डीएनए तपासणीतून ते तिचेच असल्याचं ठरलं. याउलट, २०१३ च्या सुमारास मेळघाटात मध्य प्रदेशातून आलेल्या टोळ्यांनी लोखंडी सापळे लावून वाघ मारले. तिथे पर्यटकांची वर्दळ विरळ. शिकारी पकडले गेल्यावर, त्यांच्या जबानीतून, वाघ गेल्याचं कळत गेलं.

पण पर्यटकांची ही नजर राखायची तर ती हावरी होऊन चालणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडलात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं. ती दृश्यं पाहून मला संताप आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाईडांवर कारवाई झाली. त्यांना दोष द्यावाच लागेल, पण ‘जवळ घ्या, अजून जवळ घ्या’ म्हणून मागच्या सीटवरून आग्रह धरणारे आपणच असतो. माणसांच्या गाड्यांना सरावलेला वाघ सापळा लावणाऱ्यालाही सोपा पडतो.

आणखी एक गोष्ट पर्यटकाला सहसा माहीत नसते. १ जुलैला ताडोबाच्या कोअरची गेटं बंद होतात, ती थेट ऑक्टोबरमध्ये उघडतात. रस्ते चिखलाने भरतात, रान माणसापेक्षा उंच वाढतं, आणि शिकाऱ्याला हवे असतात ते हेच तीन महिने. तेव्हा कोअरमध्ये ना जिप्सी, ना पर्यटकांचे कॅमेरे. नाले ओलांडत पायी गस्त घालतात ते वनरक्षक आणि रोजंदारीवरचे वनमजूर. ऑक्टोबर ते जून आपण काढलेल्या तिकिटाचा पैसा त्या गस्तीपर्यंत पोचतो का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.