अश्मप्रवाळ : घरगुती सागरी मत्स्यालयातील निवड व संगोपन

अश्मप्रवाळ म्हणजे अंगाखाली ॲरॅगोनाइटचा कठीण सांगाडा रचत जाणारे सागरी प्राणी. स्क्लेरॅक्टिनिया हा त्यांचा गण. प्रवाळभित्ती उभारणाऱ्या जातींच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहते आणि प्राण्याच्या अन्नाचा मोठा वाटा तेच पुरवते. दिवे, मीठ, रसायने कुठेही मागवता येतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या टाक्यांत प्रवाळ दगावतात ते बहुधा पाण्याच्या तापमानात आणि क्षारतेत होणाऱ्या चढउतारांमुळे.

कायदा आधी पाहावा. भारतातील सर्व अश्मप्रवाळ 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण, कच्छचे आखात, लक्षद्वीप किंवा अंदमान येथून जिवंत प्रवाळ वा त्याचा तुकडा उचलणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशात वाढवलेले प्रवाळही सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाहीत. बिलावर शास्त्रीय नाव नाही, परवान्याची प्रत नाही, असा तुकडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. प्रत मिळाली तरी खरेदीपूर्वी उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारणा करावी. समुद्रातला प्रवाळ समुद्रातच राहिला पाहिजे आणि या छंदाची सुरुवात या जाणिवेतूनच व्हावी.

छंदात दोन ढोबळ गट मानतात. मोठ्या, मांसल पॉलिपचे (पॉलिप म्हणजे तोंड आणि तंतू असलेला एकेक प्रवाळजीव) ते एलपीएस : कॉलॅस्ट्रिया, डंकन, ब्लास्टोमुसा, यूफिलिया. बारीक पॉलिपचे ते एसपीएस : मॉन्टिपोरा, स्टायलोफोरा, ॲक्रोपोरा. टाकीतले जीवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, पण पहिला प्रवाळ तीन-चार महिन्यांनीच आणावा आणि तो कॉलॅस्ट्रिया किंवा डंकन असावा. ॲक्रोपोराचा विचार पाण्याच्या चाचण्यांचे आकडे वर्षभर स्थिर राहिल्यावर करावा. पिवळाधमक ट्युबॅस्ट्रिया अनेकांना भुलवतो. त्याच्या अंगात शैवाल नसते, त्यामुळे त्याला जवळजवळ रोज हाताने भरवावे लागते. नवख्याने तो टाळावा.

तुकडा निवडताना तळ पाहावा. ऊतीचा पातळ पापुद्रा प्लगवर (तुकडा चिकटवलेल्या छोट्या चकतीवर) पसरलेला असेल तर कापल्याची जखम भरली आहे. ऊती आणि प्लग यांच्यामध्ये पांढऱ्या सांगाड्याची कड दिसली, तोंडे आ वासलेली असली किंवा तपकिरी चिकट स्राव असला तर तुकडा ठेवून द्यावा. फिकट, दुधी रंगाचा प्रवाळ ‘पेस्टल’ म्हणून विकला जातो, पण बरेचदा त्याच्यातले शैवाल निघून गेलेले असते. यूफिलिया रात्री लांब दंशतंतू सोडतो, म्हणून त्याच्याभोवती किमान 15 सेंमी मोकळे सोडावेत.

पाणी घरीच तयार करावे लागते. जवळचा किनारा सुरतेचा, पण खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी पाणी गढूळ असते, ते आणून उपयोग नाही. बेसाल्टातल्या बोअरचे पाणी जड असते आणि शेतीपट्ट्यात त्यात नायट्रेटही सापडते. त्यामुळे आरओनंतर डीआय (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या) राळेची नळी लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणावा. घरचा प्युरिफायर तसाच वापरू नये. त्यातले मिनरल काडतूस क्षार परत मिसळते आणि ‘कॉपर’ प्रकारचे यंत्र तर तांबे सोडते, जे प्रवाळ आणि कोळंबी दोघांनाही मारक आहे. 100 लिटर पाण्याला साधारण पावणेचार किलो सागरी मीठ लागते. ते एक दिवस पंपाने ढवळावे आणि क्षारता 35 (हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार) झाली की वापरावे. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने नव्हे, 35 क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावा.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. पाणी 24 ते 27 अंशांत हवे. 30 च्या वर काही दिवस गेले की शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 43–45 ला टेकतो आणि स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही निवत नाही. टाकी तळमजल्यावर, पश्चिमेची भिंत सोडून ठेवावी. हवा कोरडी असल्याने पाण्यावर फिरणारा पंखा इथे चांगले काम करतो. एक लिटर पाणी उडताना इतकी उष्णता घेऊन जाते, की हिशेबाने 200 लिटरची टाकी तीन अंशांच्या आसपास उतरावी. बाहेरून उष्णता येतच असते म्हणून प्रत्यक्षात परिणाम कमी दिसतो. मात्र त्याच खोलीत गवताच्या ताट्यांचा कूलर लावला, की हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम घटतो. माणसांना गार वाटते, टाकी तापते. कूलर दुसऱ्या खोलीत ठेवावा किंवा टाकीच्या खोलीला एसी द्यावा. पाणी गार करणारे यंत्र, म्हणजे चिलर, घेतला तर त्याची गरम हवा खिडकीबाहेर काढावी, नाहीतर तो स्वतःच खोली तापवतो. बर्फाच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नये. गोठवलेली एक लिटरची बाटली 200 लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश खाली आणते.

पंख्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. 200 लिटरच्या टाकीतून पाच लिटर उडाले आणि भरले नाही, तर क्षारता 35 वरून जवळपास 36 होते. मीठ उडत नाही, म्हणून भर नेहमी शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची घालावी, तीही फ्लोट स्विचवर चालणाऱ्या छोट्या पंपाने, थोडी थोडी. डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण येते, रात्री पाणी गार पडते. 200 वॅटच्या एका हीटरऐवजी 100 चे दोन लावावेत, म्हणजे एकाचा थर्मोस्टॅट चिकटला तरी टाकी शिजत नाही.

सांगाड्यासाठी प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात मोजतात) उचलतो : 20 मिग्रॅ/लिटर कॅल्शियमसोबत 2.8 डीकेएच. कॅल्शियम 400–450, मॅग्नेशियम 1250–1350 मिग्रॅ/लिटर, अल्कलिनिटी 8–9 डीकेएच ठेवावी. नायट्रेट 2–10 आणि फॉस्फेट 0.03–0.1 मिग्रॅ/लिटर असू द्यावे. पोषके शून्यावर नेऊन अल्कलिनिटी वाढवली की एसपीएसची टोके जळतात. 100 लिटरला 1 डीकेएच वाढवण्यासाठी 3 ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो आणि 10 मिग्रॅ/लिटर कॅल्शियमसाठी 3.7 ग्रॅम डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही वेगवेगळे विरघळवून वेगवेगळ्या वेळी घालावेत, एकत्र आले तर गाळ बसतो. दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये.

भरीच्या पाण्यात चुन्याची निवळी देण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण खानदेशात ती डोळे मिटून वापरू नये. संपृक्त निवळीचा एक लिटर 100 लिटर पाण्याची अल्कलिनिटी सुमारे 1.1 डीकेएचने वाढवतो. मे महिन्यात बाष्पीभवन वाढले की निवळीही तितकीच जास्त जाते, प्रवाळ तेवढा वाढत नसला तरी. श्रावणात ती एकदम कमी होते. म्हणून निवळीची रोजची मात्रा ठरवून वेगळ्या डोसिंग पंपाने द्यावी आणि उरलेली भर साध्या पाण्याची ठेवावी. पानाचा चुना वापरू नये, त्याच्या शुद्धतेचा भरवसा नसतो.

वीज गेल्यावर काळजी दिव्याची नसते, ऑक्सिजनची असते. दिवसभर उजेड नसला तरी प्रवाळाचे बिघडत नाही, पण प्रवाह थांबलेली टाकी काही तासांत गुदमरते. इन्व्हर्टरवर फक्त परतीचा पंप किंवा वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) ठेवावा. 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर 30 वॅटचा भार सहज एक दिवस निघतो.

नवे प्रवाळ एप्रिल ते मृग लागेपर्यंत मागवू नयेत, पिशवी वाटेतच तापते. इतर वेळी पिशवी 20 मिनिटे टाकीत तरंगवून मग थेंबाथेंबाने पाणी सोडावे. त्यासाठी ठिबकची 4 मिमी नळी आणि छोटा कॉक कोणत्याही कृषी दुकानात मिळतो. तो कोरा घ्यावा, शेतातला खतपाणी गेलेला नको. कपाशीवर फवारणी करून आलेल्या हाताने टाकीला स्पर्श करू नये आणि त्या खोलीत मच्छरची मशीन लावू नये, त्यातली पायरेथ्रॉइड कोळंबी-खेकड्यांना मारतात. पाणी जुळल्यावर प्रवाळाला आयोडीनयुक्त डिप द्यावा, म्हणजे अशा द्रावणात थोडा वेळ बुडवावा. मॉन्टिपोरा खाणाऱ्या गोगलगायी आणि ॲक्रोपोरावरचे चपटे कृमी डिपने गळून पडतात, त्यांची अंडी मात्र वाचतात. त्यामुळे जुना प्लग कापून टाकावा, तुकडा नव्या प्लगवर चिकटवून वेगळ्या टाकीत ठेवावा आणि दर पाच-सात दिवसांनी पुन्हा डिप द्यावा. सलग तीन वेळा डिपच्या भांड्याच्या तळाशी काही सापडले नाही, तरच तो मुख्य टाकीत न्यावा.